विनोदबिहारी मुखर्जी : एका डोळ्याच्या आधाराने उभी राहिलेली चित्रसृष्टी

विसाव्या शतकातील भारतीय चित्रकलेच्या इतिहासात विनोदबिहारी मुखर्जी यांचे स्थान पहिल्या पंक्तीतील आहे. शांतिनिकेतनातील त्यांची भित्तिचित्रे हा आधुनिक भारतीय कलेचा अमोल ठेवा मानला जातो. १९७४ साली त्यांना पद्मविभूषण सन्मान प्राप्त झाला. मात्र कोलकात्यात जन्मलेल्या या चित्रकाराला एका डोळ्याने मुळीच दिसत नव्हते आणि दुसऱ्या डोळ्याला तीव्र निकटदृष्टिता होती. पन्नाशी ओलांडल्यानंतर त्या डोळ्याचीही दृष्टी गेली. त्यानंतर सुमारे दोन तपे त्यांनी संपूर्ण अंधत्वात कलानिर्मिती, अध्यापन आणि लेखन केले.

त्यांची ही जीवनकथा कलाप्रेमींना परिचित आहे. नेत्रवैद्यकाच्या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. ज्या प्रकारचा डोळा घेऊन विनोदबिहारी आयुष्यभर काम करीत राहिले, त्या डोळ्याविषयीचे ज्ञान आणि त्यावरील उपचार त्यांच्या निधनानंतरच्या चार दशकांत पुष्कळ पुढे गेले आहेत.

बेहालातील बालपण

विनोदबिहारी यांचा जन्म ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बेहाला येथे झाला. आज महानगराचा भाग असलेले बेहाला त्या काळी कलकत्त्याच्या वेशीबाहेरचे उपनगर होते. घरात विद्येचे वातावरण होते. त्यांचे बंधू वनविहारी मुखर्जी हे वैद्यक व्यवसायात होते व लेखक म्हणूनही ओळखले जात. बंगाली साहित्यिक बनफूल यांनी आपल्या अग्नीश्वर या कादंबरीचा नायक त्यांच्यावरूनच बेतला.

लहानपणापासून विनोदबिहारींची प्रकृती नाजूक होती. दृष्टिदोषामुळे त्यांचे शालेय शिक्षण नियमितपणे होऊ शकले नाही. फळ्यावरची अक्षरे न दिसणाऱ्या मुलाला शाळेत बसविण्यात अर्थ नाही, अशी समजूत त्या काळी सर्वत्र होती. समवयस्क मुले मैदानावर खेळत असताना हा मुलगा घरात बसून हाताच्या अंतरावरील वस्तू न्याहाळीत असे. जवळची वस्तू बारकाईने पाहण्याची ही सवय पुढे त्यांच्या कलेचा पाया ठरली.

१९१७ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ते रवींद्रनाथ टागोर यांच्या शांतिनिकेतनातील विद्यालयात दाखल झाले. झाडाखाली भरणारे वर्ग, परीक्षेचा बाऊ नसलेले शिक्षण आणि संगीत, नाट्य, चित्रकला यांना अभ्यासाइतकेच महत्त्व देणारी पद्धती यांमुळे त्यांच्यासारख्या विद्यार्थ्याला तेथे वाव मिळाला.

कलाभवनात प्रवेश

१९१९ साली शांतिनिकेतनात कलाभवनाची स्थापना झाली. सुरुवातीच्या मोजक्या विद्यार्थ्यांत विनोदबिहारी होते. नंदलाल बोस हे तेथील मुख्य आचार्य. इतकी अधू दृष्टी असलेल्या मुलाला चित्रकला शिकवावी की नाही, याविषयी नंदलाल साशंक होते आणि त्यांनी ही शंका रवींद्रनाथांपुढे मांडली. मुलगा नियमाने बसतो आणि मन लावून काम करतो, तर त्याला करू द्यावे, असा रवींद्रनाथांचा कौल पडला आणि विनोदबिहारींचा प्रवेश कायम झाला.

हा निर्णय वरवर साधा दिसतो. परंतु त्या काळात शारीरिक दोष असलेल्या मुलाची वाट बहुधा इतर माणसेच ठरवीत असत. कलाभवनाने विनोदबिहारींना ती स्वतः शोधू दिली. १९२५ साली ते तेथेच अध्यापक झाले. मूळचे महाराष्ट्रातील चित्रकार विनायक मासोजी हेही कलाभवनात शिकून पुढे तेथेच अध्यापन करू लागले. त्यामुळे मराठी कलाजगताचा या संस्थेशी जुना ऋणानुबंध आहे.

विनोदबिहारींच्या विद्यार्थ्यांत पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रपट दिग्दर्शक सत्यजित राय आणि चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांचा समावेश होतो. राय १९४० ते १९४२ या काळात कलाभवनात होते.

जवळून पाहण्याची कला

बंगालमधील तत्कालीन चित्रकारांचा ओढा पुराणकथा आणि इतिहासातील प्रसंगांकडे होता. विनोदबिहारी मात्र भोवतालच्या निसर्गाकडे वळले. वीरभूम जिल्ह्यातील तांबडी माती, पावसाने कोरलेल्या घळी, ताडाची झाडे आणि संथाळ वस्त्या हे त्यांचे विषय बनले. पावसाने झिजलेल्या या ओसाड भूभागाला तेथे खोआई म्हणतात. तो त्यांच्या चित्रांत पुनःपुन्हा येतो.

चीन आणि जपानच्या परंपरेतील गुंडाळीचित्र हा प्रकार त्यांनी आपलासा केला. असे चित्र एका नजरेत पाहायचे नसते. एका हाताने उलगडत व दुसऱ्या हाताने गुंडाळत, हातभर भाग समोर ठेवून ते टप्प्याटप्प्याने वाचायचे असते. दूरचे दिसत नसलेल्या आणि जवळचे बारकाईने पाहू शकणाऱ्या चित्रकाराला हा आकृतिबंध अनुरूप होता. विद्यार्थिदशा संपण्यापूर्वीच, १९२४ साली, त्यांनी शांतिनिकेतनच्या दृश्यांचे सुमारे ४४ फूट लांबीचे गुंडाळीचित्र रंगविले होते.

१९३७-३८ साली त्यांनी जपानचा प्रवास केला. तेथील जुन्या चित्रकारांच्या मूळ कलाकृती त्यांनी पाहिल्या. मोजक्या रेषांत संपूर्ण दृश्य उभे करण्याचे कौशल्य आणि चित्रातील रिकाम्या जागेचे महत्त्व यांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

भिंतीवर अवतरलेले संत

लहान आकारात काम करणाऱ्या या चित्रकाराने पुढे भिंती रंगविल्या, हे विशेष. १९४० साली कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर त्यांनी वीरभूममधील ग्रामजीवन चितारले. १९४२ साली चीनभवनात शांतिनिकेतनातील दैनंदिन जीवनावर भित्तिचित्र साकारले. १९४६-४७ मध्ये हिंदीभवनात त्यांनी मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील भित्तिचित्र पूर्ण केले. ही त्यांची सर्वश्रेष्ठ कृती समजली जाते.

सभागृहाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागावर हे चित्र पसरलेले आहे. कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंह आदी विभूती त्यात आहेत. मात्र त्या सिंहासनावर बसलेल्या देवमूर्तींप्रमाणे दिसत नाहीत. विणकर, वाटसरू, भिक्षेकरी, स्त्रिया आणि मुले यांच्या गर्दीतून, नदी वाहावी तशी, ही संतपरंपरा भिंतीवरून पुढे सरकत जाते.

हे काम ओल्या गिलाव्यावर करायचे असते. गिलावा ओला असेपर्यंतच रंग त्यात मुरतो. त्यामुळे रोज जेवढा भाग त्या दिवशी रंगवून होईल, तेवढाच गिलावा भिंतीवर चढविला जातो. एकदा लावलेला रंग सहज पुसता येत नाही. शिडीवर उभा राहणारा चित्रकार भिंतीपासून हातभर अंतरावर असतो आणि संपूर्ण भिंत त्याला दिसत नाही. विनोदबिहारींना तर मागे सरकून पाहिले तरी ती स्पष्ट दिसणार नव्हती. भिंतीवर आधी आकृत्या छापून न घेता, पूर्ण रचना मनात साठवून त्यांनी हे काम केले. विद्यार्थ्यांचे साहाय्य त्यांना लाभले होते. त्यांत सुब्रमण्यन होते, तसेच पुढे शिल्पकार म्हणून नावारूपास आलेल्या त्यांच्या पत्नी लीला याही होत्या.

एकमेव डोळ्यावरील शस्त्रक्रिया

१९४९ साली विनोदबिहारींनी शांतिनिकेतन सोडले आणि काठमांडू येथील सरकारी संग्रहालयाची जबाबदारी स्वीकारली. त्याच वर्षी त्यांची कन्या मृणालिनी हिचा मुंबईत जन्म झाला. पुढे त्यांनी राजस्थानातील वनस्थली विद्यापीठात अध्यापन केले. १९५२ च्या सुमारास त्यांनी लीला यांच्यासह मसुरी येथे कलाशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यानंतर काही काळ ते पाटण्यातही होते.

या काळात त्यांची दृष्टी खालावत गेली. १९५६-५७ च्या सुमारास त्यांच्या एकमेव उपयोगी डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली. ती यशस्वी झाली नाही आणि त्यांना कायमचे अंधत्व आले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५२-५३ वर्षांचे होते.

त्या काळी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आजच्याइतकी सुलभ नव्हती. डोळ्याला मोठा छेद देऊन संपूर्ण नैसर्गिक भिंग बाहेर काढले जाई. कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये १९४९ साली झाला होता, पण ते तंत्र सर्वत्र पोहोचण्यास आणखी काही दशके लागणार होती. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दिवसेंदिवस हालचाल न करता पडून राहावे लागे. तीव्र निकटदृष्टितेच्या डोळ्यात गुंतागुंतीची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. ज्याला दुसरा डोळाच नाही, अशा रुग्णाच्या बाबतीत या शक्यतेचा अर्थ फार वेगळा होतो.

ताणलेल्या डोळ्याचे धोके

विनोदबिहारींची दृष्टी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. तथापि तीव्र निकटदृष्टितेच्या डोळ्याला मोतीबिंदूखेरीज अन्य धोकेही संभवतात. त्यांतील एका गंभीर विकारावर त्यांच्या हयातीत समाधानकारक उपचार नव्हता. आज तो आहे.

प्रौढ माणसाचा नेत्रगोल पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर लांब असतो. निकटदृष्टितेत ही लांबी वाढते. परिणामी दूरच्या वस्तूंवरून येणारे प्रकाशकिरण दृष्टिपटलावर एकत्र न येता त्याच्या अलीकडेच एकत्र येतात. चष्म्याचा क्रमांक वजा सहा किंवा त्याहून अधिक असल्यास तिला तीव्र निकटदृष्टिता म्हणतात. चष्म्याने किरणांची दिशा सुधारते, पण ताणला गेलेला डोळा तसाच राहतो. फुगा फुगविल्यावर त्याचे रबर पातळ व्हावे, तसे डोळ्याच्या मागील बाजूचे पडदे पातळ होतात. अशा डोळ्यात काचबिंदू होण्याचा आणि दृष्टिपटल सुटण्याचा धोका अधिक असतो. मोतीबिंदूही कमी वयात होऊ शकतो.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही सर्व कामे या लहानशा भागामुळे शक्य होतात. ताणामुळे त्याच्या मागील आधारपडद्याला सूक्ष्म भेगा पडतात. काही रुग्णांत या भेगांतून मागच्या थरातील नव्या, नाजूक रक्तवाहिन्या पुढे वाढू लागतात. त्यांतून द्रव पाझरतो, रक्तस्राव होतो आणि शेवटी तेथे व्रण तयार होतो. रुग्णाला सरळ रेषा वाकड्या दिसतात, नजरेच्या मध्यभागी डाग येतो आणि वाचन अशक्य होऊ लागते.

तीव्र निकटदृष्टिता असलेल्या दर १०० व्यक्तींपैकी साधारण पाच ते दहा जणांना हा विकार होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. एका डोळ्याला झाल्यास पुढील आठ वर्षांत सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या दुसऱ्या डोळ्यालाही तो होतो. वार्धक्याची वाट न पाहता तो ऐन कर्तेपणाच्या वयातही गाठतो. उपचार न झाल्यास पाच ते दहा वर्षांत बहुतेक रुग्णांची दृष्टी इतकी मंदावते की, नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील सर्वांत मोठे अक्षरच काय ते दिसते.

औषधोपचाराचा प्रवास

या विकाराने पीतबिंदूवर उमटणाऱ्या काळ्या डागाचे वर्णन ऑस्ट्रियाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी १९०१ साली, म्हणजे विनोदबिहारींच्या जन्माआधीच केले होते. परंतु शिरेत रंगद्रव्य टोचून दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याचे तंत्र १९६१ साली पुढे आले. त्यानंतर लेसरने या रक्तवाहिन्या जाळण्याचे प्रयत्न झाले. पण जळलेल्या जागेचा व्रण काळाबरोबर पसरत जाई. २००० सालच्या सुमारास शिरेतून औषध देऊन त्यावर मंद लेसर सोडण्याची पद्धत आली. तिने दृष्टीची घसरण काही काळ रोखली, पण गेलेली दृष्टी फारशी परत मिळाली नाही.

खरा बदल घडविला तो डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी. रक्तवाहिन्यांच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन १९८९ साली ओळखले गेले. त्याला निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले आणि २००५ पासून नेत्रतज्ज्ञ ते डोळ्यासाठी वापरू लागले. डोळ्यासाठीच तयार केलेले रॅनिबिझुमॅब २००६ साली आले. निकटदृष्टितेतील या विशिष्ट विकारासाठी त्याला युरोपात २०१३ साली आणि अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. भारतात २०१५ साली या औषधाची देशी आवृत्ती बाजारात आली. बेव्हॅसिझुमॅब त्याहून स्वस्त पडते. अधिकृत परवाना मूळ कर्करोगासाठी असला, तरी डोळ्यासाठीही ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते.

डोळा बधिर करून, निर्जंतुक वातावरणात, काही मिनिटांत हे इंजेक्शन दिले जाते. जंतुसंसर्गाचा धोका क्वचित असतो, पण तो गंभीर असतो. वार्धक्यातील पीतबिंदूच्या विकारात इंजेक्शने दीर्घकाळ घ्यावी लागतात. निकटदृष्टितेच्या रुग्णांपैकी अनेकांना मात्र पहिल्या वर्षी दोन ते चार पुरेशी होतात आणि बऱ्याच जणांची दृष्टी सुधारतेही. अर्थात व्रण तयार होण्यापूर्वी उपचार सुरू झाले तरच हा लाभ होतो. लांबलेला डोळा इंजेक्शनाने आखूड होत नाही, म्हणून उपचारानंतरही नियमित तपासणी आवश्यक असते.

तीव्र निकटदृष्टिता असलेल्या व्यक्तींनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घ्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. घरच्या घरी चष्मा लावून, एक डोळा झाकून, चौकटीच्या कागदाकडे पाहावे. रेषा वाकड्या किंवा तुटक दिसल्यास नंबर वाढला असेल असे समजून थांबू नये. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातील दोष दुसरा डोळा झाकून टाकतो. ज्याला एकाच डोळ्याने दिसते त्याने तर एक दिवसही दवडू नये.

अंधत्वानंतरची वर्षे

१९५८ साली विनोदबिहारी कलाभवनात परतले. ते विद्यार्थ्यांना कलेचा इतिहास आणि सिद्धान्त शिकवू लागले. पुढे त्यांनी तेथील प्राचार्यपदही भूषविले. शेकडो चित्रे त्यांच्या स्मरणात होती आणि त्यांच्या आधारे ते तासन्तास विवेचन करीत.

हातांना सवय होती आणि स्मृतीत रंग होते. ते पेनाने रेखाटने करीत, बोटांनी मेणाच्या व मातीच्या लहान आकृती घडवीत, कागदाला घड्या घालून आकार साधीत. रंगीत कागद कापून व चिकटवून केलेल्या त्यांच्या कलाकृतींत रंगांची निवड सहायकांना विचारून, स्मरणातील छटांशी ताडून केलेली असे. १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी रंगीत फरश्यांचे मोठे भित्तिचित्र साकारले. त्यासाठी कागदाच्या घड्यांतून सुचलेल्या आकृत्या त्यांनी वापरल्या.

त्याच वर्षी सत्यजित राय यांनी आपल्या गुरूंवर द इनर आय हा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट तयार केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विनोदबिहारींनी सांगून लिहवून घेतलेले चित्रकार हे आत्मकथनपर बंगाली पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला रवींद्र पुरस्कार लाभला. विश्वभारती विद्यापीठाने १९७७ साली त्यांना देशिकोत्तम ही सर्वोच्च पदवी दिली होती. ११ नोव्हेंबर १९८० रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या मृणालिनी मुखर्जी यांनी दोरखंडाच्या गाठींतून घडविलेल्या शिल्पांमुळे जागतिक ख्याती मिळविली. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

विनोदबिहारींच्या उत्तरायुष्यातील कर्तृत्वाचा गौरव करताना अंधत्व ही जणू त्यांना लाभलेली देणगी होती, असा सूर काही वेळा लावला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. हिंदीभवनाच्या भिंतीनंतर दहा वर्षांतच त्यांची दृष्टी गेली. त्या भिंतीसारखे दुसरे काम पुढे झाले नाही. त्यांनी जे केले ते दृष्टी गमावल्यानंतर उरलेल्या साधनांनी केले आणि त्यासाठी अपार कष्ट उपसले. तीव्र निकटदृष्टितेमुळे ज्यांची नजर आज धोक्यात आहे, त्यांच्यापैकी पुष्कळांची दृष्टी वेळीच उपचार झाल्यास वाचू शकते. १९५७ साली विनोदबिहारींना अशी संधी उपलब्ध नव्हती.